आमचे इंग्रजी आणि माणसांची विशेषणे

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव नावाचे एक तालुक्याचे गाव आहे. परंतु केवळ ‘जळगाव’ म्हटल्याने त्याचा बोध होत नाही; कारण त्याच नावाचे, त्याहून पुष्कळ मोठे आणि जिल्ह्याचे ठाणे असलेले शहर खानदेशात आहे. यास्तव वऱ्हाडातील या गावाच्या नावास शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडून लोक त्यास ‘जळगाव जामोद’ म्हणू लागले. येथे ‘जामोद’ हा शब्द गावाची स्तुती करीत नाही, निंदा करीत नाही, की त्याचे रूपवर्णनही करीत नाही. दोन जळगावांपैकी कोणते, एवढेच तो सांगतो. आणि तो गाळला तर टपाल भलतीकडे जाण्याचे भय असते. विशेषणाचे पहिले कर्तव्य काय, हे शिकविण्यास याहून सोपा धडा शोधूनही सापडणार नाही.

गावांच्या बाबतीत आम्ही पाळलेला हा विवेक माणसांच्या बाबतीत, आणि विशेषतः इंग्रजी लिहिताना, आम्ही पार सोडून देतो, अशी आमची तक्रार आहे. आमच्या सुशिक्षितांचे इंग्रजी अशुद्ध असते, त्यांचे उच्चार मराठी वळणाचे असतात, त्यांची शब्दयोगी अव्यये चुकतात, हे गाऱ्हाणे जुने आहे आणि ते येथे पुन्हा गाण्याची आमची इच्छा नाही. उच्चार कसाही असला तरी माणूस खोटा ठरत नाही. परंतु एखाद्या व्यक्तीविषयी आपण जे वर्णनपर शब्द योजतो, तो कोण, कोणाचा, कोठचा, केवढा, हे सांगणारी जी पदे तिच्या नावाभोवती रचतो, ती चुकली म्हणजे केवळ भाषा बिघडत नाही. त्या व्यक्तीविषयी असत्य लिहिले जाते. या सर्व पदांस सोयीसाठी आम्ही ‘विशेषण’ असेच म्हणू.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांनी विशेषण सार्थ केव्हा होते याच्या दोन अटी घातल्या आहेत: संभव आणि व्यभिचार. यातील दुसरा शब्द ऐकून वाचकांनी दचकू नये. येथे त्याचा अर्थ ‘अन्यथा असू शकणे’ एवढाच आहे. ‘शीतल अग्नी’ म्हणणे व्यर्थ, कारण तसा अग्नी संभवतच नाही. ‘उष्ण अग्नी’ म्हणणेही व्यर्थ, कारण अग्नी उष्ण नाही असे कधी होतच नाही. ‘निळे कमळ’ मात्र सार्थ; कमळ निळे असू शकते आणि नसूही शकते. विशेषण जेव्हा अशा अनेकांतून एकास वेगळे काढते तेव्हा ते व्यावर्तक होय. वेगळे न काढता, आधीच ओळखलेल्या वस्तूविषयी अधिक माहिती देते तेव्हा ते केवळ स्वरूपबोधक होय. फौलर बंधूंनी १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात संबंधी वाक्यांशांचे जे दोन भेद विस्ताराने सांगितले, ते तत्त्वतः याहून वेगळे नाहीत. म्हणजे इंग्रजीचा हा नियम कोणा साहेबाची लहर नव्हे. ज्या भेदावर आमच्या पंडितांनी शतकानुशतके वाद घातले तोच तो भेद होय.

अडचण एवढीच, की मराठी हा भेद बहुधा लिहून दाखवीत नाही. ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ उद्या येणार आहे’ या वाक्यावरून बोलणाऱ्यास एक भाऊ आहे की चार, हे कळत नाही. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते आणि दोन्ही अर्थ पोटात घालून स्वस्थ बसते. फारच स्पष्ट करावयाचे असेल तर आपण ‘माझा जो भाऊ पुण्यात राहतो तो’ असे म्हणून निवड करतो, किंवा ‘माझा भाऊ उद्या येणार आहे, तो पुण्यात असतो’ अशी दोन वाक्ये करून माहिती देतो. एरवी घरची मंडळी घरची असतात. कोणास किती भाऊ हे ऐकणाऱ्यास ठाऊकच असते, आणि म्हणून काम भागते.

इंग्रजी वाचणारा परका असतो. त्यास तुमचे घर ठाऊक नाही. त्यास फक्त स्वल्पविराम दिसतो. ‘माय ब्रदर’ या शब्दांनंतर स्वल्पविराम न देता ‘हू लिव्ज इन पुणे’ असे लिहिले, तर अनेक भावांपैकी पुण्याचा, असा अर्थ झाला. तेच शब्द दोन स्वल्पविरामांच्या मध्ये घातले, तर भाऊ एकच, आणि तो पुण्यात राहतो ही जाता जाता दिलेली माहिती, असा अर्थ झाला. मराठी मनुष्य जे न ठरविता बोलू शकतो, ते इंग्रजी लिहिताना त्यास ठरवावेच लागते. परदेशी विद्यापीठास, वकिलातीस किंवा बँकेस अर्ज करणारा आमचा तरुण एका कागदावर तीन भावांची नावे भरतो आणि दुसऱ्यावर स्वल्पविरामांच्या कुंपणात एकच भाऊ उभा करतो. मयताच्या तीन मुलांपैकी एकाविषयी ‘हिज सन’ लिहून पुढे नाव स्वल्पविरामांत कोंडले, तर इंग्रजी जाणणारा वाचक उरलेल्या दोघांस जन्मासच आलेले नाहीत असे समजेल. केवळ एका स्वल्पविरामावर न्यायालय वारसा ठरवीत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जेथे भाऊबंदकी आधीच पेटलेली आहे तेथे प्रतिपक्षाच्या हाती काडी देण्याचे कारण काय?

स्वल्पविरामाचीच गोष्ट उपपदाची. मराठीत ‘केसरीचे संस्थापक टिळक’ असे म्हणताना आपण काहीच खोटे बोलत नाही. टिळक संस्थापक होते, आणि आदरार्थी अनेकवचनामुळे ते एकटे की अनेकांतील एक, हा प्रश्न उद्भवत नाही. आता हेच इंग्रजीत ‘दि फाउंडर ऑफ केसरी’ असे लिहून पाहा. त्या एका ‘दि’ने १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळकांच्या बरोबर असलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, नामजोशी हे सर्व एका क्षणात इतिहासाबाहेर गेले. ‘दि’ म्हणजे एकमेव. ‘ए’ म्हणजे अनेकांतील एक. ‘दि फर्स्ट एडिटर’ म्हणावयाचे तर ते आगरकरांसच म्हटले पाहिजे, कारण ‘केसरी’चे पहिले संपादक तेच. एवढ्याशा शब्दाने एकाचा मान दुसऱ्याच्या पदरात पडतो, आणि लिहिणारा मात्र आपण व्याकरणाची किरकोळ चूक केली असे समजून निश्चिंत असतो.

आणखी काही मासले पाहू. मराठीत आपण ‘दहा वर्षांचा मुलगा’ म्हणतो. त्यातील अनेकवचन तसेच इंग्रजीत नेऊन ‘टेन यीअर्स ओल्ड बॉय’ लिहितो. इंग्रजीत हे तिन्ही शब्द मिळून नामापूर्वीचे एकच विशेषण होते, आणि विशेषणास तेथे अनेकवचन नसते. म्हणून ‘यीअर’ एकवचनी लिहून तिघांस संयोगचिन्हांनी बांधावयाचे. मुलगा कर्ता होऊन पुढे क्रियापद आले म्हणजे मग ‘यीअर्स’ खुशाल लिहावे. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात ‘हाय-कास्ट’ हे दोन शब्द जोडून घेतले, त्यातले मर्म हेच. उंच आहे ती जात, स्त्री नव्हे, हे ते चिन्ह सांगते.

‘कैलासवासी’ आणि ‘लेट’ हे आमच्याकडे एकच मानले जातात. ‘कैलासवासी’ ही आदराची पदवी आहे. मनुष्यास जाऊन शंभर वर्षे झाली तरी ती शोभते. इंग्रजी ‘लेट’ हा शब्द पदवी नव्हे. अलीकडे निवर्तलेल्या व्यक्तीविषयी, ती हयात आहे असा गैरसमज होऊ नये, म्हणून तो योजतात. आणि नावापूर्वी योजताना त्याआधी ‘दि’ लागतो. शेक्सपिअर हयात असेल अशी शंका कोणासही येत नाही, म्हणून त्यास कोणी ‘लेट’ म्हणत नाही. आम्ही मात्र १९२० साली दिवंगत झालेल्या लोकमान्यांसही ‘लेट’ लावून इंग्रज वाचकास कोड्यात टाकतो.

त्याहून विनोदी प्रकार कचेरीच्या इंग्रजीचा. फिर्यादीत एखाद्याचे नाव प्रथम येते तेव्हा त्यापूर्वी ‘वन’ असा शब्द घालतात. त्याचा अर्थ ‘या नावाचा कोणी एक इसम’ असा, आणि त्यात अपरिचयाची, किंबहुना किंचित उपेक्षेची छटा असते. हे न जाणता समारंभाच्या इंग्रजी वृत्तांतात अध्यक्षांच्या नावामागे ‘वन’ लावणारे लेखक आहेत! आणि अर्जांतील तो अजरामर प्रारंभ तर सर्वांच्या परिचयाचा आहे: ‘बीइंग ए रेसिडेंट ऑफ जळगाव जामोद, ए सर्टिफिकेट मे बी इश्यूड टु मी’. मराठीत ‘मी जळगाव जामोदचा रहिवासी असल्याने मला दाखला मिळावा’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण ‘मी’ तेथे बसलेला आहे. इंग्रजीत तो ‘मी’ प्रारंभी नाही, आणि विशेषण तर कोणास तरी चिकटणारच. ते जवळच्या कर्त्यास, म्हणजे दाखल्यास चिकटते. परिणामी रहिवासी ठरतो तो दाखला, आणि अर्जदार बिचारा बेघरच राहतो.

येथे कोणी म्हणेल, की हा सारा शब्दच्छल आहे. वाचणाऱ्यास अर्थ कळतो ना, मग झाले. या आक्षेपास आमचे उत्तर असे, की दाखल्याच्या वाक्यात अर्थ कळतो, हे खरे. कारण दाखला रहिवासी असणे संभवत नाही. परंतु भाऊ एक असणेही संभवते आणि तीन असणेही संभवते. टिळक एकटे संस्थापक असणेही परक्यास अशक्य वाटत नाही. जेथे चुकीचा अर्थ हास्यास्पद असतो तेथे चूक निरुपद्रवी असते. जेथे चुकीचा अर्थ सुसंगत असतो तेथेच ती घातक होते, आणि तेथे वाचकास शंकासुद्धा येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. इंग्रजी आता आमचीही भाषा आहे, तिला आम्ही आमच्या गरजेप्रमाणे वळविले तर बिघडले कोठे? आम्ही म्हणतो, काहीच नाही. ‘कझिन ब्रदर’ या प्रयोगास हसणाऱ्यांत आम्ही सामील नाही. इंग्रजांचा ‘कझिन’ हा शब्द भाऊ की बहीण हे सांगत नाही. आम्हांस ते सांगावेसे वाटते, म्हणून आम्ही एक शब्द जोडला. येथे संभवही आहे आणि व्यभिचारही आहे. शास्त्राप्रमाणे हे विशेषण सार्थ ठरते. तीच गोष्ट गव्हाळ वर्णासाठी घडविलेल्या ‘व्हीटिश’ शब्दाची; शब्द म्हणून तो अर्थवाही आहे. आमचा विरोध भारतीय इंग्रजीस नाही, अविचारी इंग्रजीस आहे. जे प्रयोग अधिक सांगतात ते राहोत. जे भलतेच सांगतात ते जावोत.

तिसरा आक्षेप अगदी नवा आहे. आता यंत्रेच इंग्रजी तपासून देतात, मग आम्ही स्वल्पविरामांची चिंता का वाहावी? यंत्र ‘यीअर्स’चे ‘यीअर’ करील, ‘लेट’पूर्वी ‘दि’ घालील, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तुम्हांस भाऊ किती, हे यंत्रास कोण सांगणार? तो स्वल्पविराम व्याकरणात नसून तुमच्या घरात आहे. ज्याचे त्याने ठरविल्यावाचून तो जागेवर पडत नाही, आणि न ठरविता लिहिलेले वाक्य यंत्राने कितीही घासले तरी त्यातील असत्य अधिक चकचकीत होते, एवढेच.

या गैरशिस्तीचा सूड मराठीवरही उगवत आहे, तो वेगळाच. इंग्रजी नीट न कळलेले लोक मराठी लिहू लागले म्हणजे ‘माझा भाऊ, जो पुण्यात राहतो, उद्या येणार आहे’ अशी वाक्ये जन्मास येतात. आमच्या ‘जो’ला ‘तो’ हवा असतो. ती जोडी निवड करण्यासाठी आहे. ‘तो’ला घरी ठेवून एकट्या ‘जो’ने स्वल्पविरामांच्या पालखीत बसून मराठीत यावे, हे आमच्या वृत्तपत्रांत नित्य घडत आहे. म्हणजे इंग्रजीत मराठी सवयीने चूक करावयाची आणि मराठीत इंग्रजी सवयीने, असा दुहेरी व्यापार चालला आहे.

येथवर विशेषण कसे लिहावे हे झाले. परंतु ते मुळात लिहावे की नाही, हा प्रश्न याहून मोठा आहे. आणि त्यासाठी संभव व व्यभिचार यांस तिसरी अट जोडावी लागते, ती प्रयोजनाची. एखादे विशेषण खरेही असेल, वेगळे ओळखविणारेही असेल, आणि तरी प्रस्तुत कामाशी त्याचा काडीचा संबंध नसेल. अशा वेळी ते माहिती न राहता डाग होते.

याचा पहिला रोकडा पाठ आमच्या बुलढाणा जिल्ह्यानेच महाराष्ट्रास दिला आहे. १८८१ साली सुरत येथील एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. त्या निमित्ताने काही वृत्तपत्रांनी एका अभागिनीचे वर्णन सोडून सर्व स्त्रीजातीस दुर्गुणांची विशेषणे वाहिली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला, आणि तो १८८२ साली पुण्यास छापला गेला. त्यातील जळजळीत उपहास बाजूस ठेवून केवळ युक्तिवाद पाहिला, तर तो शुद्ध तर्कशास्त्राचा आहे: जे दुर्गुण तुम्ही स्त्रियांचे म्हणून मोजता ते सारे पुरुषांतही आहेत, मग ती स्त्रीची लक्षणे कशी? शास्त्रात या दोषास अतिव्याप्ती म्हणतात. न्यायशास्त्राच्या पंडितांस जे सुचले नाही ते वऱ्हाडातील एका स्त्रीने त्यांच्याच कसोटीवर घासून दाखविले. आणि तो निबंध लोक विसरले, तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणीपर्यंत. रमाबाईंच्या ज्या पुस्तकाचा उल्लेख वर आला, त्याच्या नावाचा प्रामाणिकपणाही येथे ध्यानात येतो. उच्च जातीतील हिंदू स्त्रीविषयी लिहावयाचे, तर ‘हिंदू स्त्री’ असे मोघम न म्हणता त्यांनी आपली मर्यादा मुखपृष्ठावरच सांगितली. तेथे जातीच्या उल्लेखास प्रयोजन होते.

जेथे प्रयोजन नाही तेथे काय करावे, हे आता खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. २०२३ च्या ऑगस्टात, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, त्या न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या रूढ कल्पनांसंबंधी एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत निकालपत्रांत व कागदपत्रांत टाळावयाचे शब्द एका बाजूस आणि त्यांऐवजी योजावयाचे शब्द दुसऱ्या बाजूस दिले होते. ‘चेस्ट वुमन’, ‘करिअर वुमन’, ‘इंडियन वुमन’, ‘वेस्टर्न वुमन’ या साऱ्यांपुढे एकच शब्द होता: ‘वुमन’. पतिव्रता, नोकरी करणारी, देशी वळणाची, विलायती वळणाची, ही विशेषणे गळून केवळ ‘स्त्री’ उरली. पुढे २०२४ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने पक्षकारांच्या नावांबरोबर त्यांची जात वा धर्म लिहिण्याची प्रथा बंद करावी, असा आदेश दिला. खटला आडनावाने, वडिलांच्या नावाने, पत्त्याने ओळखता येतो; मग जातीच्या शब्दाने तेथे कोणती ओळख वाढत होती? ओळख वाढत नव्हती, पूर्वग्रह वाढत होता.

न्यायालयाने जे केले ते आमच्या मध्यमवर्गीय घरांनी करावयाचे राहिले आहे. आमच्या इंग्रजी विवाहविषयक जाहिराती उघडून पाहाव्या. मुलगी ‘फेअर’, ‘स्लिम’, ‘होमली’, ‘कॉन्व्हेंट-एज्युकेटेड’. तिचे नाव, तिचा अभ्यास, तिचा स्वभाव कोठेच नाही. त्यातील ‘होमली’ हा शब्द तर आम्ही घरकामात निपुण, गृहकृत्यदक्ष अशा अर्थाने मोठ्या अभिमानाने लिहितो, आणि अमेरिकेतील वाचक त्याचा अर्थ ‘दिसावयास सामान्य, किंबहुना कुरूप’ असा घेतो. आपल्या लेकीविषयी परक्या भाषेत लिहिताना तिच्या बापास तो शब्द कोशात पाहावासाही वाटत नाही, हे अज्ञान कमी आणि निष्काळजीपणा अधिक. ‘इनोसंट डायव्होर्सी’ हा दुसरा शब्द घ्या. घटस्फोटितांत निर्दोष व दोषी असे दोन वर्ग कोणी पाडले, आणि न लिहिलेल्या सर्वांस या एका विशेषणाने दोषी ठरविण्याचा अधिकार जाहिरातदारास कोणी दिला? व्यावर्तक विशेषणाचा हाच धोका आहे: ते एकास जवळ ओढते तेव्हा उरलेल्यांस दूर ढकलते.

सारांश, माणसाविषयी इंग्रजीत एखादा वर्णनपर शब्द लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. हा शब्द त्यास इतरांतून वेगळा काढतो, की त्याच्याविषयी केवळ अधिक सांगतो? वेगळा काढीत असेल तर स्वल्पविराम नको. अधिक सांगत असेल तर स्वल्पविराम हवा. तो एकटाच तसा आहे, की तशांतील एक? त्याप्रमाणे ‘दि’ किंवा ‘ए’. आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: प्रस्तुत कामास या शब्दाची गरज आहे काय? नसेल तर तो कितीही खरा असो, खोडून टाकावा. आमच्या शाळांतून इंग्रजी व्याकरणाचे नियम पाठ करून घेतात, रिकाम्या जागा भरून घेतात; परंतु एखाद्या मुलास त्याच्या खऱ्याखुऱ्या भावाविषयी, आईविषयी, शेजाऱ्याविषयी चार ओळी लिहावयास सांगून प्रत्येक स्वल्पविरामाचे कारण विचारणारे शिक्षक किती निघतील? हा पाठ सुरू करण्यास सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. जळगाव जामोदच्या शाळेतील मुलांनी आपल्या गावाचे पूर्ण नाव फळ्यावर लिहून त्यातील दुसऱ्या शब्दाचे काम काय, एवढे सांगितले तरी प्रारंभ झाला.